जुन्या फ्रिजला सोड्याचा नळ: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

ठाण्यात चरईतलं आमचं घर रंगवायला काढलं, तेव्हा जुना एकदारी फ्रिज आठवडाभर पॅसेजमध्ये उभा होता. भंगारवाल्याने सांगितलेला भाव ऐकला आणि आम्ही तो परत आत घेतला. चांगला चालू होता, थंड करत होता; नवा दोनदारी आल्यामुळे त्याला काम उरलं नव्हतं, एवढंच. सासरे मालवणचे. जेवण झालं की त्यांना कोकम सोडा लागतो. सोड्याच्या बाटल्या घरात यायच्या, एक ग्लास भरायचा आणि उरलेल्या बाटलीतला गॅस दुसऱ्या दिवशी उडालेला असायचा. म्हणून ठरवलं, लोक घरच्या फ्रिजला ड्राफ्ट बिअरचा नळ बसवतात तसा आपण सोड्याचा बसवू.

या कामाची जवळजवळ सगळी माहिती बिअरसाठी लिहिलेली असते. मी ती जशीच्या तशी वापरली आणि त्यामुळेच सुरुवातीचे दोन-तीन महिने अडखळले. बिअरला १० ते १२ पीएसआय (दाब मोजायचं एकक) दाब पुरतो. कडक सोड्याला ३० पीएसआय लागतो. हा एक आकडा बदलला की नळीची लांबी, जोड, तोटीचा धातू, गळती तपासायची पद्धत, सगळंच वेगळं करावं लागतं. तुमचे ते महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

बिअरच का नको, असं मला पुष्कळांनी विचारलं. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे विनापरवाना घरी मद्य तयार करणं गुन्हा आहे. विकत घेतलेली बिअर बाळगायला आणि प्यायलाही परवाना लागतो, वयाची अट २१ वर्षांची आहे. ज्यांना त्या वाटेने जायचं आहे त्यांनी केग, म्हणजे दाबाखाली पेय साठवायचं स्टीलचं पिंप, घेण्याआधी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारावं. पुढचं सगळं सोड्याबद्दल आहे.

तसं पाहिलं तर सोड्याचा आणि बिअरचा संबंध जुनाच आहे. १७६७मध्ये इंग्लंडातल्या लीड्स शहरात जोसेफ प्रीस्टली एका बिअर कारखान्याशेजारी राहत होता. आंबणाऱ्या बिअरच्या पिंपावर जमणाऱ्या वायूत त्याने पाण्याचं भांडं धरलं आणि ते पाणी चुरचुरीत झालं. आपण जो कॉर्नी केग वापरणार आहोत, तो तर मुळात शीतपेयांचं सरबत भरून न्यायलाच बनवलेला. घरी बिअर करणाऱ्यांनी तो नंतर उचलला.

१. आधी फ्रिज तपासा

फ्रिजच्या मागे किंवा कॉम्प्रेसरजवळ एक पट्टी असते. तिच्यावर कोणता गॅस भरला आहे ते लिहिलेलं असतं. आर-१३४ए असेल तर ठीक. आर-६००ए असेल तर तो आयसोब्युटेन, म्हणजे पेट घेणारा वायू. त्याच्या नळीला ड्रिल लागलं तर नुसता फ्रिज जात नाही, जिवावर बेतू शकतं. असा फ्रिज वापरता येतो, पण दाराशिवाय त्याच्या कशालाही हात लावू नका.

मग पुठ्ठा घ्या. १९ लिटरचा कॉर्नी केग साधारण २३ सेंटिमीटर व्यासाचा आणि ६० ते ६५ सेंटिमीटर उंच असतो. वर जोड आणि वळलेली नळी यांना आणखी १० सेंटिमीटर लागतात. या मापाचं पुठ्ठ्याचं नळकांडं करा, फ्रिजच्या फळ्या आणि भाजीचा ट्रे काढा, नळकांडं आत उभं करा आणि दार लावून बघा. दार पूर्ण लागलं पाहिजे, नुसतं टेकून चालणार नाही. खाली मागच्या बाजूला कॉम्प्रेसरसाठी आलेला उंचवटा आणि वर फ्रीझरचा डबा, या दोन्हींमध्ये बरीच जागा जाते. आमच्याकडे १९ लिटरचा केग फ्रीझरच्या डब्याला अडला. तो डबा वाकवून जागा करायचा मोह होतो. तसं करू नका. त्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यातूनच थंड करणारा गॅस फिरतो आणि तो पत्रा चिरला की फ्रिज संपला. मी ९ लिटरचे दोन छोटे केग घेतले. ते छान शेजारी शेजारी बसले आणि आता मला वाटतं की एका घराला हेच बरं: एक संपत आला की दुसरा थंड तयार असतो.

शेवटचं, फ्रिज रिकामाच एक आठवडा चालू ठेवा. पाण्याची बाटली आत ठेवून तिच्यात थर्मामीटर बुडवा. तापमान ३ ते ४ अंशांवर स्थिर राहत असेल तर वेगळा तापमान नियंत्रक घेऊ नका, मूळ थर्मोस्टॅट पुरतो. फार वर-खाली होत असेल तरच तो घ्या, वायरमनकडून बसवून घ्या आणि कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधी ५ मिनिटं थांबेल असं लावा.

२. काय काय लागेल

सामान:
- केग, बॉल लॉक प्रकारचा (म्हणजे जोड दाबून बसवायचा), झाकणावर दाब सोडायची कडी असलेला
- केगचे दोन जोड, एक गॅसचा आणि एक पेयाचा (दोन्ही सारखे दिसतात, पण अदलाबदल करून दाबून बसवले तर अडकून बसतात)
- कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, २ किलो गॅसचा पुरतो
- दोन घड्याळांचा रेग्युलेटर (एक घड्याळ सिलिंडरमधला दाब दाखवतं, दुसरं केगकडे जाणारा) आणि पेय उलटं गॅसकडे जाऊ न देणारा एकेरी व्हॉल्व्ह
- स्टेनलेस स्टील ३०४ची तोटी आणि दारातून आरपार जाणारा दांडा, म्हणजे शँक
- गॅससाठी जाड नळी, पेयासाठी बारीक नळी, होज क्लिपा
- खाण्यायोग्य सिलिकॉन ग्रीस, जादा ओ-रिंगा (जोडात आणि झाकणात बसणारी गोल रबरं)
- प्लायवूडचा तुकडा, ठिबकणारं पाणी झेलायला ट्रे

हत्यारं: ड्रिल, २२ मिलिमीटरचा होल सॉ, म्हणजे गोल भोक कापायची करवत (शँक मोजून मगच घ्या), दोन पाने, धारदार कटर, कानस, साबणाचं पाणी आणि स्प्रे बाटली.

कागद: सिलिंडरचं बिल आणि त्याच्या दाब-चाचणीचं प्रमाणपत्र. गॅस भरायला जाताना हे दोन्ही आणि ओळखपत्र जवळ ठेवा.

नळ्या, क्लिपा, पाने यांसाठी मुंबईत मशीद बंदरजवळची नागदेवी स्ट्रीट सगळ्यात सोयीची. केग आणि त्याचे जोड मात्र मागवावे लागतात. जुना केग घेतला तर सगळ्या ओ-रिंगा न बघता बदला. जुन्या रबरात आधीच्या सरबताचा वास बसलेला असतो आणि तो सोड्यात उतरतो.

तोटीबद्दल जरा थांबून सांगायचं आहे, कारण इथे मी फसले. 'स्टील' म्हणून घेतलेली माझी पहिली तोटी पितळेची होती, वरून क्रोमचा मुलामा. दोन महिन्यांनी तोंडाशी आतून पिवळसर दिसायला लागलं आणि सकाळच्या पहिल्या घोटाला नाणं चाटल्यासारखी चव येऊ लागली. सोडा हे आम्लधर्मी पाणी आहे. ते रात्रभर पितळेला लागून राहिलं की तांबं विरघळून पेयात येतं. उलट्या, पोटदुखी होण्याइतकं तांबं असं येऊ शकतं. म्हणून गॅस मिसळलेलं पाणी ज्याला ज्याला लागणार, ती प्रत्येक वस्तू स्टेनलेस स्टीलची किंवा खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकची हवी. तोटी घेतल्यावर आतल्या कडेला कानशीने हलका ओरखडा काढून बघा. पिवळं दिसलं तर लगेच परत करा.

३. गॅस: इथे घाई नको

वागळे इस्टेट आणि पलीकडे रबाळे-महापे पट्ट्यात औद्योगिक गॅसचे वितरक आहेत. त्यांच्याकडे जाताना 'खाद्यपेयासाठीचा कार्बन डायऑक्साइड' असं स्पष्ट सांगा. वेल्डिंगसाठी मिळतो तो रसायन म्हणून तोच, पण त्यात तेलाचा अंश नसेलच अशी खात्री कोणी देत नाही.

आग विझवायच्या सिलिंडरमध्ये गॅस भरून देणारी दुकानं गल्लीबोळात असतात आणि ते स्वस्तही पडतं. तो सिलिंडर अजिबात वापरू नका. त्याच्या आत तळापर्यंत जाणारी नळी असते, त्यामुळे उभा ठेवला तरी वायूऐवजी द्रव बाहेर येतो आणि रेग्युलेटरमध्ये शिरतो. याच कारणाने आपला सिलिंडरही कधी आडवा करून वापरायचा नाही.

सिलिंडरच्या खांद्यावर कोरलेले आकडे वाचायला शिका. रिकाम्या सिलिंडरचं वजन तिथे असतं आणि शेवटच्या चाचणीची तारीखही. ही चाचणी दर ५ वर्षांनी करावी लागते. मुदत उलटलेला सिलिंडर स्वस्तात मिळाला तरी नको.

नव्या माणसाचा हमखास होणारा गैरसमज सिलिंडरच्या दाबाच्या घड्याळाचा. आत द्रव शिल्लक आहे तोवर घड्याळाचा काटा हलत नाही. तो तापमानावर ठरतो: २० अंशांना साधारण ५७ बार (हेही दाबाचंच, पीएसआयहून मोठं एकक), फ्रिजच्या आत ३-४ अंशांना ३८च्या आसपास. सिलिंडर फ्रिजमध्ये ठेवला की काटा खाली आलेला पाहून लोक गॅस गळतोय म्हणून घाबरतात. आणि काटा खरोखर घसरू लागतो तेव्हा गॅस संपतच आलेला असतो. किती उरला हे वजनकाट्यावरच कळतं. ९ लिटरचा एक केग कडक करायला आणि शेवटपर्यंत ओतायला सव्वाशे-दीडशे ग्रॅम गॅस जातो, म्हणजे २ किलोत डझनभर केग निघतात.

आता सुरक्षिततेचं, आणि हे वरवर वाचू नका. १ किलो कार्बन डायऑक्साइड मोकळा झाला की अर्ध्या घनमीटरहून जास्त जागा व्यापतो. १० बाय १० फुटांच्या बंद खोलीत २ किलोचा सिलिंडर पूर्ण गळला तर हवेतलं त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर जातं. एवढं प्रमाण जिवाला तात्काळ धोका मानलं जातं. ५ किलोचा असेल तर १० टक्के, म्हणजे माणूस बेशुद्ध. हा वायू हवेच्या दीडपट जड असल्यामुळे तो खाली साचतो. जमिनीवर गादी घालून झोपणाऱ्यांना, रांगत्या बाळाला आणि मांजराला तो आधी गाठतो. त्याला वास नसतो. म्हणून फ्रिज झोपायच्या खोलीत ठेवू नका, खिडक्या बंद करून एसी लावलेल्या खोलीत तर नकोच. आमचा स्वयंपाकघराला लागून असलेल्या पॅसेजमध्ये आहे, जिथून वारा आरपार जातो. जवळच जमिनीपासून हातभर उंचीवर कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र लावलं आहे. रात्री झोपताना सिलिंडरची चावी बंद करते. हा नियम घरात सगळ्यांना माहीत आहे, आठवीतल्या मुलीलाही.

गाडीतून सिलिंडर आणताना तो उभा बांधा आणि काचा खाली ठेवा. उन्हात गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका.

४. दाराला भोक

भोक कुठे पाडायचं हे मी आमच्या नेहमीच्या फ्रिज मेकॅनिकला विचारलं. मला तोटी बाजूला हवी होती, म्हणजे दार उघडताना मधे येणार नाही.

"ताई, दार सोडून कुठेही भोक पाडायचं नाही," ते म्हणाले.

"बाजूला तर नुसता पत्राच आहे ना, दादा?"

"हात ठेवून बघा."

कॉम्प्रेसर चालू होता. मी तळवा बाजूच्या पत्र्यावर ठेवला. वर-खाली जाणारा एक कोमट पट्टा हाताला लागला, मग थंड जागा, मग पुन्हा कोमट पट्टा. पत्र्याच्या आड गरम गॅसची नळी नागमोडी फिरवलेली होती. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तुमच्याही फ्रिजला हे एकदा करून बघा, म्हणजे दाराचाच आग्रह का धरते ते हाताला कळेल.

दारात गॅसची नळी नसते. बाहेर पत्रा, मधे पफ (थंडावा धरून ठेवणारा फोम), आत प्लास्टिक. मात्र दारावर दिवे, बटणं किंवा पाण्याचा नळ असेल तर आतून वायरी गेलेल्या असतात, असा फ्रिज नको. प्लग काढा. तोटीची उंची ठरवताना खाली सगळ्यात उंच ग्लास अधिक चार बोटं जागा धरा. चिकटपट्टी लावून त्यावर खूण करा, म्हणजे ड्रिल घसरणार नाही. आधी बारीक ड्रिलने आरपार भोक पाडा आणि आतून कुठे निघालं ते बघा, दाराच्या आतल्या कप्प्याच्या कडेवर आलं तर जागा बदलायला अजून वाव असतो. मग होल सॉ बाहेरून पत्र्यावर चालवा आणि आतून प्लास्टिकवर. एकाच बाजूने जोरात आरपार गेलात तर प्लास्टिक तडकतं. पत्र्याची कड कानशीने घासून तिला गंजरोधक रंगाचा हात द्या. आपल्या पावसाळ्यात उघडा पत्रा एका महिन्यात गंज धरतो, आणि पफमध्ये पाणी शिरलं की दाराला घाम फुटायला लागतो. शँक बसवल्यावर दोन्ही बाजूंनी सिलिकॉन लावा.

दाराच्या आतले बाटल्यांचे कप्पे केगला अडत असतील तर ते काढावे लागतात. तळाशी प्लायवूड टाका. भरलेले ९ लिटरचे दोन केग आणि सिलिंडर मिळून बरंच वजन होतं आणि ते सगळं केगच्या चिमुकल्या कडेवर येतं, नुसतं प्लास्टिक दबून फाटतं.

५. जोडणी आणि गळती

क्रम असा: सिलिंडर, रेग्युलेटर, एकेरी व्हॉल्व्ह, गॅसची नळी, केगचा गॅस जोड. दुसऱ्या बाजूने केगचा पेय जोड, बारीक नळी, शँक, तोटी. सिलिंडरच्या आणि रेग्युलेटरच्या आट्यांचं माप वेगवेगळं निघू शकतं, म्हणून रेग्युलेटर घ्यायला जाताना सिलिंडर सोबत न्या. त्या दोघांच्या मधे वॉशर बसतो, टेफ्लॉन टेप नाही.

रिकाम्या केगला ३० पीएसआय दाब द्या आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी फवारा. फुगा दिसला की गळती. पण बिअरवाल्यांची ही पद्धत सोड्याला पुरत नाही, कारण अडीच-तीनपट दाबाला अगदी बारीक गळतीही रात्रभरात पुष्कळ गॅस नेते आणि तिचा फुगा दिसेपर्यंत आपण दुसरीकडे बघायला लागलेलो असतो. म्हणून दुसरी चाचणी करा. दाब दिल्यावर सिलिंडरची चावी बंद करून दोन्ही काट्यांचे फोटो काढा आणि सकाळी पुन्हा बघा. केगमध्ये पाणी नसताना ही चाचणी करायची. पाणी असेल तर ते गॅस शोषून घेतं आणि काटा गळतीशिवायच उतरतो. आमच्याकडे गळती झाकणाच्या मोठ्या ओ-रिंगेपाशी निघाली. तिला ग्रीस लावून, झाकण बसवून, दाब देताना झाकण वर ओढून धरलं आणि ती थांबली.

६. पाणी, थंडावा, मग गॅस

क्रम चुकवू नका. ४ अंशांच्या पाण्यात जेवढा कार्बन डायऑक्साइड विरघळतो, त्याच्या निम्माच २५ अंशांच्या पाण्यात विरघळतो. कोमट पाण्याला गॅस लावून ठेवला तर सिलिंडर उगाच उघडा राहतो आणि सोडा मिळमिळीत होतो.

पाणी गाळलेलं घ्या. क्लोरीनचा जो वास साध्या पाण्यात जाणवतही नाही तो सोड्यात नाकात शिरतो, कारण बुडबुड्यांबरोबर तो वर येतो. कार्बन फिल्टर किंवा उकळून गार केलेलं पाणी चालतं. आरओचं पाणी फिकं लागतं. ९ लिटरला पाऊण चहाचा चमचा खाण्याचा सोडा घातला की दुकानातल्या सोड्यासारखी चव येते. ज्यांना मीठ कमी करायला सांगितलं आहे त्यांच्यासाठी तेवढंही घालू नका.

केग काठोकाठ भरू नका, वर पाच-सहा बोटं जागा ठेवा. झाकण लावा आणि रात्रभर फ्रिजमध्ये थंड होऊ द्या. सकाळी केगमध्ये गॅस भरा, झाकणावरची कडी ओढून वरची हवा बाहेर काढा, असं चार वेळा करा. हवा आत राहिली तर तेवढ्या प्रमाणात गॅस कमी विरघळतो. मग ३० पीएसआयवर ठेवा. हात न लावता पाच-सहा दिवसांत सोडा तयार होतो. घाई असेल तर गॅस जोडलेला ठेवून केग उभाच मागे-पुढे दहा-पंधरा मिनिटं हलवा, दुसऱ्या दिवशी पिण्याजोगा होतो. केग आडवा करून लोळवू नका, पाणी गॅसच्या नळीत चढतं.

रोज रात्री चावी बंद करूनही सोडा तयार होतो, एखादा दिवस जास्त लागतो इतकंच.

७. फेसच फेस? नळी मोजा

पहिल्यांदा तोटी उघडली तेव्हा अर्ध्या ग्लासभर नुसते बुडबुडे आले आणि ग्लासात उरलं ते मऊ पाणी. मी दाब कमी केला. फेस गेला, पण दोन दिवसांत सोड्याचा कडकपणाही गेला, कारण दाब कमी केला की विरघळलेला गॅसही पाण्यातून निघून जातो. दाब ३०वरच ठेवायचा आणि तो नळीतच जिरवायचा, हे मला उशिरा कळलं.

नळी बारीक आणि लांब असली की पाणी घासत घासत येतं आणि तोटीपर्यंत शांत होतं. बिअरला ५ मिलिमीटर आतल्या व्यासाची ३ मीटर नळी पुरते. मी तीच लावली होती. सोड्याला त्याच व्यासाची ७ मीटर तरी हवी. आरओ मशीनला येते ती पाव इंची पांढरी नळी आतून आणखी बारीक असते, पिण्याच्या पाण्यासाठीच बनवलेली असते आणि ठाण्यात कुठल्याही प्युरिफायरच्या दुकानात मिळते. ती ७ मीटर लावली आणि माझा प्रश्न सुटला. कापताना कटरने काटकोनात कापा, तिरपं टोक दाबून बसणाऱ्या जोडात गळतं. वेटोळं करून केगच्या अंगाला बांधून ठेवा म्हणजे सगळी नळी थंड राहते आणि दार उघडताना ओढली जात नाही.

तरीही फेस येत असेल तर या क्रमाने बघा: पाणी खरंच ४ अंशांवर आहे का, नळीचं वेटोळं केगच्या अंगाला नीट बांधलेलं आहे ना, तोटी पूर्ण उघडता का. अर्धवट उघडलेली तोटी हमखास फेस करते. मे महिन्यात पहिला अर्धा कप फेसाळणारच, कारण तोटी बाहेरच्या हवेत तापलेली असते. तो बेसिनमध्ये सोडून द्या आणि मग ग्लास धरा.

८. कोकम केगमध्ये घालू नका

केगमध्ये फक्त सोडा. अमृत कोकम, आवळा, लिंबू, आलं, जे काय असेल ते ग्लासात. मी एकदा आख्खा केग कोकम सोड्याचा केला होता. कोकमाचा चोथा कितीही गाळला तरी जोडाच्या बारीक स्प्रिंगेत जाऊन बसला, आणि वीज सात-आठ तास गेल्यावर त्या गोड पाण्याला आंबूस वास आला. नळी फेकावी लागली. आगळ तर मुळीच नको, त्यात मीठ असतं. मीठ आणि आंबट एकत्र आलं की स्टेनलेस स्टीललाही टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात.

ग्लासात आधी सरबत, मग सोडा, ग्लास तिरका धरून कडेने. जिरेपूड आणि सैंधव सगळ्यात शेवटी, चिमटीने. आधी घातलं तर सगळा गॅस तिथेच उसळून जातो. सासऱ्यांच्या ग्लासाचं माप एक वाटी सरबताला पाच वाट्या सोडा, बर्फ नाही.

९. साफसफाई आणि गावाला जाताना

दर केग संपला की कडी ओढून दाब पूर्ण सोडा. दाब असताना झाकणाशी झटापट करू नका. केग कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून धुवा, तेच पाणी थोड्या गॅसच्या दाबाने नळीतून आणि तोटीतून जाऊ द्या, मग सायट्रिक ॲसिडचं पाणी आणि शेवटी दोनदा साधं पाणी. ब्लीचिंगचं द्रावण स्टीलच्या केगमध्ये घालू नका, त्यातल्या क्लोराइडनेही खड्डे पडतात. तोटी महिन्यातून एकदा उघडून आतली रबरं धुवा. एकदारी फ्रिजमध्ये बर्फाचा थर चढतो, तो चाकूने खरवडायचा नाही, डीफ्रॉस्टचं बटण दाबायचं आणि वाट बघायची.

गणपतीला गावी जाताना सिलिंडरची चावी बंद करा, केगचे दोन्ही जोड काढा, तोटी उघडून नळी रिकामी करा आणि फ्रिज चालूच ठेवा. परत आल्यावर जोड बसवून पहिले दोन ग्लास सोडून द्या. तिसरा प्यायला घ्या.